भाऊजींचा डबा कुठे जातो

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी. थांबा, ते पलीकडचं गवत कापायचं मशीन बंद होऊ दे... हां. तर परवा कोपऱ्यावरच्या वहिनींकडे सत्यनारायण होता ना, तुम्ही नेमक्या डॉक्टरकडे गेलेल्या. फार मोठं चुकलं हो तुमचं! छे, प्रसाद नाही, प्रसाद ठेवलाय मी तुमच्यासाठी फ्रिजमध्ये. चुकलं ते निराळंच.

भाऊजींना ऑफिसने परत बोलावलंय हे तर अख्ख्या एडिसनला ठाऊक आहे. आठवड्यातून तीन दिवस मेट्रोपार्कहून ट्रेन पकडायची आणि मॅनहॅटन गाठायचं. ऑफिस कुठे, तर मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला. आणि वहिनींचा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. नवऱ्याने बाहेरचं खाल्लेलं त्यांना चालत नाही. पहाटे उठून पोळी-भाजी. बुधवारी थालीपीठ, ठरलेलंच. भाजणी पुण्याहून, सासूबाईंच्या हातची, आणि वर लोण्याची वेगळी डबी!

आता समोर ऑफिसातली चार माणसं रोज पास्त्रामी सँडविच हाणत असली, तर माणसाचं मन किती दिवस जागेवर राहणार? राय ब्रेडच्या दोन स्लाइस आणि मधे हा एवढा, माझ्या दोन मुठींएवढा ढीग. आतून गुलाबी, कडेला काळाकुट्ट, वर मस्टर्ड. तो काळा थर कशाचा असतो, सांगा? धणे आणि मिरे! अहो खरंच, आपलेच, भरड कुटलेले. आधी ते मांस मिठाच्या पाण्यात दिवसच्या दिवस मुरवायचं, मग हे धणे-मिरे चोळायचे, मग लाकडाची धुरी द्यायची आणि शेवटी वाफवायचं. हे मला आमच्यांनी सांगितलं. आता आमच्यांना इतकं बारीकसारीक कसं ठाऊक... ते विचारायचं राहिलंच बघा.

आणि मांस कशाचं असतं, ते मी तोंडाने बोलणार नाही. श्रावण आहे.

तर काय सांगत होते, भाऊजींना पास्त्रामी हवी, पण खिशाला झेपेल अशी. हे सगळं त्यांच्या भाच्याकडून कळलं हं, तो त्याच बिल्डिंगमध्ये इंटर्नशिप करतो. पहिल्यांदा गेले कॅट्झमध्ये. ते हो, हाउस्टन स्ट्रीटवरचं, 1888 पासूनचं. 'व्हेन हॅरी मेट सॅली'मध्ये ते दोघं जिथे जेवायला बसतात ना, तेच. 1989 चा पिक्चर, त्या टेबलावर अजून पाटी टांगलेली आहे. त्यात ती मेग रायन मधेच... जाऊ दे, मुलं खेळतायत मागे. तर तिथे दारातच हातात तिकीट देतात. जे घ्याल ते त्याच्यावर लिहितात आणि बाहेर पडताना पैसे. तिकीट हरवलं तर 50 डॉलर! भाऊजी ते तिकीट शर्टाच्या खिशात ठेवून वरून हात दाबून उभे होते म्हणे. कापणाऱ्याने आधी एक तुकडा चाखायला दिला, तेव्हा डोळेच मिटले त्यांचे. आणि मग सँडविचचा भाव बघून ते उघडले ते मिटेचनात. 25 डॉलरच्या वर! त्यावर टॅक्स 8.875 टक्के. शिवाय कापणाऱ्याला टिप. हे एकदा ठीक आहे हो, पण दर आठवड्याला? त्यात जाऊन-येऊन आणि रांग धरून लंचचा तास तिथेच संपतो.

बरं, मग स्वस्तातलं शोधायला लागले. कोपऱ्याकोपऱ्यावर डेली असतातच, 10-12 डॉलरमध्ये पास्त्रामी देतात. पण ती मशीनवर कापलेली, कागदासारखी पातळ, फ्रिजमधून काढलेली गार. तीत ना धूर, ना वाफ. भाऊजींनी एक घास घेतला आणि तोंड असं केलं... भाच्याने करून दाखवलं मला, मी हसून हसून पडले! पण भाव का चढतो तेही खरं आहे. धुरी आणि वाफ देता देता ते मांस किती आटतं! आणि मग गरम असतानाच हाताने कापायचं. तसा कापणारा माणूस काय फुकट मिळतो न्यूयॉर्कात? कार्नेगी डेलीचं माहितीय ना, सँडविचचे डोंगर द्यायची ती? 2016 च्या शेवटी बंद झाली, 1937 पासून चालू होती.

अहो, विषय कुठे गेला. तर ऑफिसात एक वयस्कर गृहस्थ आहेत, ब्रुकलिनचे. आजी त्यांची रोमानियाची. पास्त्रामी न्यूयॉर्कला आणली ती रोमानियाच्या ज्यू लोकांनीच. तिकडे हंसाची करायचे म्हणे, इकडे आल्यावर... ते दुसरं स्वस्त पडलं. तर हे गृहस्थ दर बुधवारी सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेलीतून सँडविच आणतात. नावाला सेकंड अ‍ॅव्हेन्यू, दुकान 33व्या स्ट्रीटवर! 2007 मध्ये हलवलं ना ते तिकडे. भाऊजी एकदा एकटे शोधायला निघाले तर सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर खालीवर फिरून उपाशीच परत आले. आणि तिथे चीज मागायचं नाही हं, कोशर आहे. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आपण माशांवर दूध घेत नाही तसंच.

पण या गृहस्थांना डॉक्टरांनी बजावलंय, अर्ध्याच्या वर खायचं नाही. कोलेस्टेरॉल! आणि समोर भाऊजींचा डबा उघडलेला. आता लक्षात आलं? अर्धं सँडविच इकडे, दोन थालीपिठं तिकडे! दर बुधवारी! आणि आपल्या वहिनी पहाटे उठून लोणी काढतायत...

तर परवा सत्यनारायणाला भाऊजींनी त्या गृहस्थांनाच बोलावलं. आपण होऊन! माणसाने किती निर्धास्त राहावं? ते आले, शर्ट इस्त्रीचा, बूट बाहेर काढलेले, हात जोडून नमस्कार. शिरा तीनदा मागून घेतला. आणि मग वहिनींना म्हणाले, "तुमचं ते बुधवारचं, क्रिस्पी, मधे होलवालं, आमच्या बेगलला मागे टाकतं! माझं अर्धं पास्त्रामी मी त्यावरून ओवाळून टाकतो." म्हणजे इंग्लिशमध्ये म्हणाले हो, पण अर्थ तोच.

घरात असं सामसूम झालं! जोशी काकूंच्या हातातला तीर्थाचा चमचा तिथेच थांबला. भाऊजींचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, मग कसलाच नाही. सासूबाई सध्या इकडेच आल्यात ना, त्या सोफ्यावरून विचारतात, "पास्त्रामी? रामाचं काही आहे का गं?" वहिनी म्हणाल्या, "हो, तसंच काहीतरी." आणि भाऊजी घाईघाईने म्हणतात, "टर्कीची असते, टर्कीची!" तर ते गृहस्थ दुखावलेच. "टर्की? माझी आजी ऐकेल!"

मला वाटलं आता काही खरं नाही. वहिनींनी मला डोळ्यांनी आत बोलावलं. मी पदर सावरून गेले, म्हटलं रडतील, धीर द्यावा. तर गॅसपाशी उभ्या राहून हळूच विचारतात, "काय हो, ते सँडविच केवढ्याला पडतं?" मी म्हटलं, टॅक्स धरून तिसाच्या घरात. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे अर्धं पंधराचं. आणि माझी दोन थालीपिठं जातात? वर लोणी?" मी म्हटलं, हो. "छान! म्हणजे लोणी फुकटच!"

अहो, रागावल्या होत्या त्या यावर! बाहेर आल्या आणि त्या गृहस्थांना गोड हसून म्हणाल्या, थालीपीठ एक मिळेल, लोणी हवं असेल तर त्या डेलीतलं काकडीचं लोणचं पाठवायचं. ते गार, करकरीत, लसूण आणि शेपू घातलेलं. ते चालतं म्हणे त्यांना, शाकाहारी आहे! गृहस्थांनी तिथल्या तिथे हात पुढे केला. भाऊजी मधे नुसते बघत उभे. त्यांना कुणी विचारलंच नाही. मात्र रात्री वहिनींनी त्यांना सांगितलं, ते सँडविच घरात आणायचं नाही, आणि सासूबाईंना कळता कामा नये. मला कसं कळलं? भाचा होता ना जिन्यात.

पण एक सांगा, तुमच्या जाऊबाईंनी नगरहून भाजणी पाठवली होती ना, ती आहे का हो शिल्लक? वाटीभर पुरे. नाही, नाही, घरच्यासाठी नको... आमच्यांच्या ऑफिसातही आहेत म्हणे एक, रोमानियाच्या आजीवाले.