धुळीवर दिवा मारणाऱ्या महोदयांस

प्रति,
मा. मुख्य रचनाकार,
बिनवायरचे व्हॅक्युम क्लीनर विभाग,
मुक्काम : बहुधा एखादा थंड, गालिचे अंथरलेला देश.

महोदय,


आपण घडवलेलं यंत्र गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी आलं. सडपातळ, वजनाला हलकं, दिसायला एखाद्या अंतराळवीराच्या काठीसारखं. खोक्यावर वाळूच्या टेकड्यांचं चित्र आणि खाली आश्वासन : वाळवंटातल्या धुळीवरही प्रभावी. हे वाचूनच आम्ही भुललो, कारण आम्ही कांदिवली पश्चिमेला राहतो.

कांदिवलीत वाळवंट कुठलं, असं आपण विचाराल. आमच्याकडे ते चालत येतं. २३ जानेवारी २०२२ च्या रविवारी पाकिस्तानातून उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आलं आणि खाली लावलेल्या सगळ्या गाड्या पिठाच्या गिरणीतून काढल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. १३ मे २०२४ ला पुन्हा धुळीचं वादळ, भर दुपारी अंधार. ही पाहुणी धूळ. घरची वेगळी. आमच्या गल्लीत तीन सोसायट्या एकदम पुनर्विकासाला गेल्या आहेत. पूर्वी कांदिवलीच्या टेकड्या फोडून दगड रेल्वेने बॅकबेच्या भरावाला जायचा, म्हणजे आमचा डोंगर चर्चगेटला गेला. आता उरलेला चुरा आमच्या बाल्कनीत येतो, हा हिशेब बरोबरच म्हणायचा.

महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमावली काढली. मोठ्या बांधकामांभोवती पस्तीस फुटी पत्रे, हिरवं कापड, पाण्याचा फवारा. पत्रा समोर उभा आहे, मी रोज पाहते. तो पस्तीस फुटांचा आणि आमची बाल्कनी चाळिसाच्या पुढे. धुळीला हे कोणी सांगितलं कोण जाणे.

तर आपल्या यंत्राकडे येते. त्याच्या तोंडाशी आपण एक हिरवा दिवा बसवला आहे. तो जमिनीवर आडवा पडला की डोळ्यांना न दिसणारी धूळ कणाकणाने चमकते. काय कल्पना आहे! आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तर नुसतं दाखवतंय. उचलणार कोण?" गैरसमज नको, उचलतंही ते. खोक्यावरच्या साठ मिनिटांपैकी पूर्ण जोरावर साधारण आठ मिनिटं. आठ मिनिटांत हॉल होतो. बेडरूमची धूळ तोवर चार्जिंगची वाट पाहत थांबते, समजूतदार आहे बिचारी.

मग एके दिवशी यंत्र घुटमळलं, धापा टाकल्यासारखं दोनदा थरथरलं आणि बंद पडलं. माहितीपुस्तिका सांगते, फिल्टर तुंबला. महिन्यातून एकदा धुवा, आणि किमान चोवीस तास पूर्ण सुकवा. चोवीस तास! महोदय, आपण जुलैतली मुंबई पाहिली आहे का? इथे रुमाल दोन दिवस ओला राहतो. आपला घड्या-घड्यांचा फिल्टर पंख्याखाली ठेवला, फ्रिजच्या मागे ठेवला. पाचव्या दिवशी त्याला पावसाळ्यातल्या चपलांचा वास येऊ लागला. पुढचं तर त्याहून मजेदार. समोरच्या बांधकामातून येणाऱ्या धुळीत जुन्या भिंतीचा चुरा असतो, तसं सिमेंटही असतं. सिमेंटला पाणी लागलं की काय होतं, हे गवंड्याच्या हाताखालचं पोरही सांगेल. घड्यांच्या तळाशी पातळसा कडक थर बसला. नखाने खरवडून निघेना. आपल्या देखण्या यंत्रात मी स्वतःच्या हाताने स्लॅब टाकला.

सेवा केंद्रातला मुलगा सज्जन होता. म्हणाला, या काठीत मोटर थंड ठेवायला वेगळी हवा नसते. ओढलेली हवाच गाळून मोटरवरून जाते. फिल्टर तुंबला की मोटर तापते, तापली की स्वतःला वाचवायला बंद होते. बॅटरीचंही तसंच, तिला उकाडा सोसत नाही, एप्रिलच्या बंद घरात चार्जिंगला लावून गेलात तर आयुष्य घटतं. मी विचारलं, मग खोक्यावर वाळवंट कशाला छापलं? तो हसला. त्याला पगार हसण्याचाच मिळत असावा.

खरं वाळवंट आमच्या वन्सं जगतात. शारजाला वीस वर्षं झाली त्यांना. तिकडच्या पुष्कळ घरांसारखं त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक पिंप आहे : चाकांवरचं, पंधरा-वीस लिटरचं, दिसायला कुरूप आणि आवाजाला रिक्षा. त्याला हिरवा दिवा नाही. आत भलीमोठी पिशवी आहे, गाळणीचं कापड ओंजळभर नाही तर पंचाभर आहे. ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या अशा बहुतेक पिंपांत मोटरला थंड हवा वेगळ्या वाटेने मिळते, म्हणजे पिशवी भरली तरी मोटरचा जीव जात नाही. वन्संना आपल्या काठीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं होतं : "शोभेची आहे."

आपल्याला हे ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही. आपल्या धंद्याचा मूळ पुरुष ह्युबर्ट सेसिल बूथ, १९०१ चा, लंडनचा. त्याने म्हणे रुमालाआडून खुर्चीची धूळ तोंडाने ओढून पाहिली, ठसका लागला, आणि रुमालावर उमटलेला काळा डाग पाहून त्याला खात्री पटली. कांदिवलीत हा प्रयोग आम्ही रोज करतो, त्याला श्वास म्हणतो. बूथचं यंत्र घोडे ओढायचे, पुढच्याच वर्षी त्याने राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेचे गालिचे साफ केले. तेव्हापासून आपल्या मंडळींचा जीव गालिच्यातच अडकला आहे. युरोपच्या प्रमाण चाचणीत आजही विल्टन जातीचा गालिचा अंथरून त्यावर डोलोमाइटची पूड पसरतात. आमच्याकडे लादी आहे, खिडकीच्या सरकत्या चौकटीच्या खोबणी आहेत, पंख्याची पाती आहेत, माळ्यावरच्या गाद्या आहेत. त्या खोबणीत आपलं एकही तोंड शिरत नाही. जुना टूथब्रश शिरतो.

दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याने वॉट सांगितले, मी ऐकले. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खातं. ओढतं किती, ते नव्हे. पंगतीत कोण किती जेवला यावरून कोणी कामाचा गडी ठरवत नाही, पण मी ठरवला. युरोपात २०१७ पासून वायरच्या घरगुती यंत्रांना नऊशे वॉटच्या वर परवानगीच नाही, आणि तरी तिथली घरं स्वच्छ आहेत. हे मला खरेदीनंतर कळलं, जसं सगळंच कळतं.

आता एवढंच करा. पुढच्या खोक्यावर वाळूच्या टेकड्यांच्या जागी चार ओळी छापा : गाळणीचं क्षेत्रफळ किती, पूर्ण जोरावर किती मिनिटं, मोटरला थंड हवा कुठून, आणि बदली फिल्टर कितीला व कुठे मिळेल. एक फिल्टर ओला असताना लावायला दुसरा खोक्यातच द्या. पिशवीचं यंत्र जुनाट वाटत असेल तर वाटू द्या. निदान पिशवी धुवावी लागत नाही, बांधून टाकून देता येते. आणि रचना पक्की करण्याआधी एक जुलै आणि एक मे आमच्या गल्लीत काढा. तिसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने आहे. खिडकी समोरच्या बांधकामाकडे उघडते.

कळावे.

आपली,
एक गिऱ्हाईक, कांदिवली (पश्चिम)

ता. क. : लक्ष्मीपूजनाला आम्ही नेहमीप्रमाणे नवी केरसुणी आणून हळदीकुंकू वाहिलं. आपलं यंत्र शेजारीच भिंतीला टेकून उभं होतं, चार्जिंगला. मावशींनी दुसऱ्या दिवशी केरसुणीने त्याच्यावरची धूळ झाडली.