खेळाडूंचा निवाडा कसा करावा : रत्नागिरीकरांसाठी सोपी मार्गदर्शिका

रत्नागिरीत एक जिल्हा न्यायालय आहे. त्याखेरीज साळवी स्टॉपपासून मांडवीपर्यंत प्रत्येक नाक्यावर एकेक न्यायालय भरतं, ते वेगळं. पहिल्यात तारखा पडतात, दुसऱ्यात कटिंग संपायच्या आत निकाल लागतो. या दुसऱ्या न्यायालयात सर्वाधिक काम क्रीडा विभागाचं. खेळाडू महान की माजलेला, दोषी की बळीचा बकरा, याचा फैसला तिथे रोज होतो आणि त्यावर अपील चालत नाही. अलीकडची काही मुलं मात्र या कामात कच्ची आढळतात. "आधी काय झालं ते नीट वाचू या" असं भर चौकात म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. त्यांच्या हितासाठी ही मार्गदर्शिका.

पात्रता

स्वतः खेळलेलं असण्याची अट नाही. उलट खेळलेल्या माणसाला खेळ किती अवघड असतो हे ठाऊक असतं, त्यामुळे त्याच्या निकालात नको तितका मऊपणा येतो. आवाज खणखणीत हवा. "आमच्या वेळी" हे दोन शब्द तोंडपाठ हवेत. गुडघेदुखी असल्यास प्राधान्य.

पायरी पहिली : गुन्हा विचारू नये, नाव विचारावं

हा या शास्त्राचा पाया. नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथची कसोटी. टीव्हीच्या चित्रणात सचिन तेंडुलकर चेंडूच्या शिवणीवर बोटं फिरवताना दिसला. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याला मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि एका कसोटीची स्थगित बंदी ठोठावली. सेहवाग, गांगुली धरून आणखी पाच जणांना शिक्षा झाली. देश पेटला. संसदेत आवाज उठला, डेनेसचे पुतळे जळले. पुढच्या सेंच्युरियनच्या सामन्याला डेनेस नकोत असा हट्ट धरला गेला, तेव्हा आयसीसीने त्या सामन्याचा कसोटी दर्जाच काढून घेतला. नाक्याचा निकाल एका वाक्याचा होता : "गवत काढत होता तो." चेंडू पंचांना न सांगता साफ केला, इतकाच तांत्रिक ठपका असल्याचा खुलासा पुढे आयसीसीनेही केला. पण नाका त्या खुलाशासाठी थांबला नव्हता. निकाल बरोबर निघाला याला महत्त्व नाही, तो चौकशीशिवाय दिला हे कसब.

आता मार्च २०१८, केपटाऊन. कॅमेरून बॅनक्रॉफ्टने सँडपेपर विजारीत दडवला. स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर बाहेर, बॅनक्रॉफ्ट नऊ महिने. स्मिथ सिडनीच्या विमानतळावर सर्वांसमोर रडला. नाक्याचा निकाल : "नाटकं. ही माणसं पहिल्यापासून तसलीच." कॅमेरा दोन्हीकडे होता, चेंडूही दोन्हीकडे होता. अपराधात फरक होता हे खरं, पण तो कुणी तपासला नाही. पासपोर्ट तेवढा तपासला.

उपनियम : परक्या खेळाडूला आयपीएलमध्ये घेतलं की त्याचा जुना गुन्हा आपोआप माफ होतो. वॉर्नर २०१९ साली हैदराबादकडून परतला, ६९२ धावा करून ऑरेंज कॅप घेऊन गेला, आणि पुढे लॉकडाऊनमध्ये तेलुगू गाण्यांवर घरच्यांसह नाचला. "माणूस वाईट नव्हता हो, संगत वाईट लागली," असं ठरून प्रकरण निकाली निघालं.

पायरी दुसरी : औषधाचा नियम

विरारच्या पृथ्वी शॉच्या चाचणीत २०१९ साली टर्ब्युटलीन सापडलं. खोकल्याच्या औषधातून नकळत गेलं, हे त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं आणि मागच्या तारखेपासून मोजून आठ महिन्यांची बंदी घातली. शेन वॉर्नला २००३ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर परत पाठवलं, पुढे वर्षभराची बंदी आली. वजन उतरावं म्हणून आईने दिलेली गोळी घेतली, हे त्याचं म्हणणं.

नमुना निकाल : विरारच्या बाटलीत औषध असतं, मेलबर्नच्या आईच्या गोळीत डोपिंग असतं.

इथे नवशिक्यांनी एक खबरदारी घ्यावी. हा निकाल खेळाडूच्या धावांना बांधलेला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये शॉ मुंबईच्या रणजी संघाबाहेर गेला, त्या संध्याकाळी तेच खोकल्याचं औषध फेरतपासणीसाठी बाहेर निघालं. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं म्हणणारे इतके निघाले की तेव्हा न म्हणणारा माणूस शोधून सापडेना.

पायरी तिसरी : स्मरणशक्ती तीन महिन्यांवर जाऊ देऊ नये

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर नाणेफेकीलाच लोकांनी त्याची अशी हुर्यो उडवली की माइक हातात असलेल्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना "नीट वागा" असं सांगावं लागलं. संघ तळाशी गेला. २९ जूनला बार्बाडोसमध्ये वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. मिलरचा झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर टिपला, भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर "हार्दिक, हार्दिक" असा घोष झाला.

यात हार्दिकचा स्वभाव बदलला नव्हता. बोलणं, चालणं, गॉगल, सगळं एप्रिलमध्ये होतं तेच. म्हणून नाकेकऱ्याने एप्रिलचं मत जुलैत आठवू नये. कुणी आठवण करून दिलीच, तर "तो विषय वेगळा" म्हणून पुढचा चहा सांगावा.

स्मृती फारच चिवट असेल तर अझरुद्दीनचा अभ्यास करावा. २००० साली मॅच फिक्सिंगप्रकरणी आजीवन बंदी, २००९ साली मुरादाबादहून खासदार, २०१२ साली ती बंदी बेकायदा असल्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय. तिन्ही वेळा "मला हे आधीपासून माहीत होतं" असं म्हणता आलं, तर विद्यार्थी पुढच्या पायरीला पात्र समजावा.

पायरी चौथी : बाई असल्यास वेगळं कलम

एप्रिल २०१९ मध्ये जयपूरला नो-बॉलच्या निर्णयावरून महेंद्रसिंग धोनी सीमारेषेबाहेरून थेट मैदानात शिरला आणि पंचांशी हुज्जत घातली. शिक्षा : निम्मं मानधन. नाक्याचा शेरा : "कॅप्टन कूललाही राग येतो, म्हणजे बघा पंच किती चुकला असेल."

जुलै २०२३ मध्ये मिरपूरला हरमनप्रीत कौरने बाद दिल्यावर बॅट स्टंपवर हाणली आणि नंतर बक्षीस समारंभात पंचांबद्दल जाहीर बोलली. शिक्षा : दोन सामन्यांची बंदी. आशियाई खेळांतले दोन सामने तिला त्यापायी बाहेर बसावं लागलं. नाक्याचा शेरा : "बाईमाणसाला एवढा राग शोभतो का?"

दोन्ही प्रकार तंतोतंत सारखे नव्हते, स्पर्धाही वेगळ्या होत्या. हरमनप्रीतने जास्त केलं आणि जास्त भोगलं, हे मान्य. पण नाक्यावर शिक्षेच्या मापाबद्दल कुणी बोललंच नाही. त्याच्या रागात पंचांची चूक शोधली गेली, तिच्या रागात तिचे संस्कार.

हे कलम २ नोव्हेंबर २०२५ रोजी तात्पुरतं स्थगित झालं. नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला आणि "पोरींचं क्रिकेट कोण बघतं" म्हणणारे फटाके आणायला धावले. स्मृती मानधना सांगलीची, म्हणजे आंबा घाटातून जवळजवळ रत्नागिरीचीच, असाही शोध त्या रात्री लागला. कलम पुन्हा कधी लागू होईल याची तारीख द्यायला नको. पुढच्या पराभवापासून.

पायरी पाचवी : पडलेल्याला शिस्त शिकवावी

विनोद कांबळी. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. १९९३ साली लागोपाठच्या कसोट्यांत २२४ आणि २२७. शेवटची कसोटी १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं, तेव्हा बसल्या जागेवरून सचिनचा हात न सोडणारा कांबळी सगळ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिला.

अशा वेळी नाक्यावर दोन शब्द तयार ठेवावेत : "शिस्त नव्हती." ५४ च्या सरासरीचा फलंदाज तेविसाव्या वर्षी कसोटीतून कायमचा गेला तो कसा, हा प्रश्न उपस्थित होऊ देऊ नये. आखूड चेंडू, निवड समिती, विशीतल्या पोराच्या हातात अचानक आलेला पैसा, जात, सगळं त्यात येईल आणि चहा थंड होईल. शिवाय ज्या रंगेलपणावर १९९३ साली टाळ्या वाजवल्या, कानातली बाळी आणि सोन्याच्या साखळ्या कौतुकाने मोजल्या, तोच आता आरोपपत्रात लावायचा असतो. टाळ्या वाजवणाऱ्यांची नावं साक्षीदारांच्या यादीत घालू नयेत.

पायरी सहावी : प्रात्यक्षिक

एवढं शिकून झालं की मे महिन्यात कुठल्याही वाडीच्या ओव्हरआर्म स्पर्धेला हजेरी लावावी. भात कापून मोकळा झालेला मळा, चुन्याची सीमारेषा, काजूच्या सावलीत टेबल, टेबलावर कमरेएवढा चषक, शेजारी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणारा मोबाइल आणि सगळ्यांत वर समालोचकाचा भोंगा. ग्रामीण मंडळ विरुद्ध मुंबई मंडळ. फ्लेक्सवर नियम छापलेला : "वाडीबाहेरचा खेळाडू चालणार नाही. आधार कार्ड सोबत आणावे."

लांज्याहून एक डावखुरा बोलर आलेला असतो. आधार कार्ड लांज्याचंच. "मामाचं गाव हाय त्याचं हितं," असं सांगून आक्षेप फेटाळला जातो. मग त्याची बोलिंग सुरू होते आणि समोरून ओरड होते : "फेकी हाय!" आयसीसी कोपराला १५ अंशांपर्यंत सूट देते. वाडीत कोपर मोजत नाहीत.

"आरं, लहानपणी आंब्यावरून पडलाय त्यो. हात तसाच जुळलाय."

पंच मान डोलावतो. पंच विकेटकीपरचा मेहुणा. पुढच्या वर्षी तोच डावखुरा समोरच्या संघातून येतो. आता मामाचं गाव रद्द होतं, आंब्यावरून पडणंही रद्द होतं, आणि तोच मेहुणा पहिल्याच चेंडूला नो-बॉलचा हात काढतो. कुणालाही यात विसंगती वाटत नाही. वाटली, तर तो माणूस चाकरमानी असून त्याला गावातलं काही कळत नाही.

मोठ्या आखाड्यातही रीत हीच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. नाक्यावर चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली गेली, पण खांद्याच्या आधी तालीम बघितली गेली. लाथ मारणं चूक, हे सगळ्यांनी कबूल केलं. लगेच पुढे "पण" लावलं. या शास्त्रात "पण" नंतरचा भाग हा खरा निकाल असतो.

पायरी सातवी : कोणाचा निवाडा करू नये

खो-खो, कबड्डी, कॅरम, नेमबाजी. हे विभाग नाक्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहेत. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवणाऱ्या ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार या रत्नागिरीच्या. कॅरममध्ये नाव कमावलेली आकांक्षा कदम रत्नागिरीची. यांच्याबद्दल नाक्यावर वाद होत नाही, कारण यांच्याबद्दल नाक्यावर काहीच होत नाही. यांना अन्याय करणारा पंच मिळाला तरी त्याचा पुतळा जळत नाही आणि यांचं चुकलं तरी "गवत काढत होती" असं सांगायला कुणी उभं राहत नाही.

पदक आल्यास मात्र सूट आहे. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कांस्यपदक घेऊन ते परतले, तेव्हा गोळेश्वरला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अर्जुन पुरस्कार निघायला त्यांच्या निधनानंतर पंधराएक वर्षं लागली. राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ च्या सकाळपर्यंत रेल्वेचा टीसी होता. संध्याकाळी नेमबाजीचं ऑलिम्पिक पदक घेऊन तो सगळ्या महाराष्ट्राचा झाला. त्याआधी त्याला ओळखणारे बहुधा विनातिकीट सापडलेलेच असावेत.

समारोप

नाक्यावर सगळ्यांना एकच माप लावा, असा सल्ला या मार्गदर्शिकेत मुद्दाम दिलेला नाही. तो कुणी पाळणार नाही, आणि पाळला तर संध्याकाळी बोलायला विषय उरणार नाही. मागणी त्याहून लहान आहे. आपल्या माणसासाठी डोळे झाकायचेच असतील, तर आपली माणसं पुरती मोजून घ्या. सचिनसाठी जितकं भांडलो, त्याचा दहावा हिस्सा शिवाजी स्टेडियमवर खो-खो खेळणाऱ्या पोरीसाठी भांडा. तिच्या जिल्हा संघाच्या निवडीत गोंधळ झाला, तर पोर्ट एलिझाबेथला केला होता त्याच्या पावपट तरी आरडाओरडा करा. दुटप्पीपणा सुटत नसेल तर नसू दे. निदान त्याचं वाटप तरी नीट करा.