सनदशीर पोट

मराठी माणसाचं पोट सुटलं की त्याची ढेरी होते, फार तर दोंद. इंग्रजांनी मात्र अठराव्या शतकात सुटलेल्या पोटाला थेट संस्थेचा दर्जा देऊन टाकला. अशा पोटाला ते ‘कॉर्पोरेशन’ म्हणू लागले.

टोबायस स्मॉलेट यांच्या १७५३च्या कादंबरीत हा शब्द पोटासाठी आला आहे. पुढे फ्रान्सिस ग्रोस यांनी इंग्रजीतल्या रांगड्या बोलीचा कोश रचला. त्यातही कॉर्पोरेशन म्हणजे मोठं पोट, अशी नोंद सापडते. ग्रोस स्वतः चांगलेच लठ्ठ होते. त्यामुळे शब्दार्थ लिहिताना त्यांना नमुना शोधत हिंडावं लागलं नसणार.

शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘कॉर्पस’ आहे, म्हणजे देह. पुष्कळ माणसं कायद्याच्या नजरेत मिळून एक देह झाली की त्यांचं कॉर्पोरेशन होतं. त्या देहाला सनद असते, शिक्का असतो, मालमत्ता असते. सभासद मेले तरी तो मरत नाही. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर थर्लो यांच्या नावावर एक तक्रार सांगतात: कॉर्पोरेशनला नरकात धाडायला आत्मा नाही आणि लाथ घालायला देहही नाही. पोटाविषयी थर्लोसाहेबांची काही तक्रार नव्हती.

तिकडे लक्ष पुरवायला नगरं समर्थ होती. इंग्लंडातल्या अनेक नगर-कॉर्पोरेशनांत एखादी जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच आपल्या पसंतीचा माणूस बसवत. मतदाराची कटकट नाही, प्रचाराची पायपीट नाही. एवढ्या फुरसतीत माणूस जेवणार नाही तर काय करणार? लंडनचे आल्डरमन, म्हणजे वरिष्ठ नगरसभासद, कासवाच्या सूपासाठी प्रसिद्ध होते आणि व्यंगचित्रकारांचा त्यांच्यावर चरितार्थ चाले. ग्रोस यांच्या कोशात तर ‘आल्डरमन’ म्हणजे सॉसेजांची माळ घातलेली भाजलेली टर्की. माळ म्हणजे साहेबांच्या गळ्यातली सोन्याची साखळी!

अखेर १८३३मध्ये चौकशी आयोग बसला. नगराचा पैसा मेजवान्यांवरही उधळला जातो, हा त्याचा शोध करदात्यांना फारसा नवा नसावा. १८३५च्या कायद्याने १७८ नगरांत करदात्यांनी निवडलेली मंडळं आणली. लंडन सिटीला त्यातून वगळलं. ज्याचं ताट सर्वांत मोठं, त्याला पथ्य माफ.

आज इंग्रजीत पोटाचा हा अर्थ जुनाट ठरला आहे. कॉर्पोरेशन म्हणजे आता कंपनी, आणि तिथली माणसं पोट सपाट ठेवायला जिमचं सभासदत्व घेतात. कंपनीलाही अधूनमधून चरबी झडवण्याची हुक्की येते. तेव्हा वरच्या मजल्यावरचं कुणी सहसा झडत नाही.

हा शब्द साहेबाबरोबर मुंबईला आला आणि १८८८च्या महापालिका कायद्यात ठाण मांडून बसला. पोटाचा अर्थ तेवढा बोटीवरच राहिला. इथे त्याची अडचणही नव्हती. मराठीत पैसे ‘खाता’ येतात, ते ‘पचतात’ आणि प्रकरण दडपलं की ढेकरही देता येतो.

मापं घ्यायची तर अर्थसंकल्पाची घ्यावीत. मुंबई महापालिकेचा २०२२-२३चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटी रुपयांचा होता. तो मांडल्यावर सुमारे महिनाभराने, ७ मार्च २०२२ रोजी, नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक पुढे पुढे जात राहिली. २०२५-२६च्या अर्थसंकल्पाचा आकडा ७४,४२७ कोटींवर पोहोचला, तेव्हाही सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. पंगतीला निवडून आलेलं कुणी नसताना कॉर्पोरेशनचा घेर वाढला कसा, हे विचारायचं ठरवलं असतं, तर प्रश्न मांडायलाही तेव्हा नगरसेवकच लागला असता.