तीन अधिक दोन, एक अधिक चार

आमच्या सणसवाडीत पोरगं काय शिकतंय यापेक्षा ते शिकणं कधी संपणार, याची चौकशी जास्त. कोरेगाव भीमा आणि शिक्रापूरच्या मधे, पुणे-नगर रस्त्याला लागून असलेलं हे गाव आता पेरणी-काढणीपेक्षा कंपनीच्या शिफ्टवर चालतं. परमनंट कोण आणि कंत्राटी कोण हे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ. कंत्राटी माणसाचे २४० दिवस भरायच्या आत त्याला ब्रेक का देतात, हे तर आमच्या आजीलासुद्धा ठाऊक आहे. दिवस भरले की कायदा त्याच्या बाजूने बोलायला लागतो. त्यामुळे मी जीएनएमचं पहिलं वर्ष पास होऊन ते सोडलं आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात जाऊन बसले, तेव्हा गावाने आपल्या अनुभवाप्रमाणे निदान केलं: पोरीला ब्रेक दिला.

"कंत्राटदार बदलला का गं?" असं एका मामांनी अगदी कळवळून विचारलं.

एका परीने बदललाच होता. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा, त्याची परीक्षा घेणारं मंडळ मुंबईचं. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी, ती देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचं. दोन्हीकडच्या मुली शेवटी त्याच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करतात, त्याच वॉर्डात उभ्या राहतात आणि पेशंट दोघींनाही "ओ सिस्टर, सलाईन संपलं" असंच ओरडतो. पण शिकत असताना मुंबई आणि नाशिक यांचं एकमेकांशी बोलणं नाही. जीएनएमचं एक वर्ष झालंय, तर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात बसा, अशी सोय नाही. जीएनएम पूर्ण करा, नोंदणी करा, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घ्या, असा राजमार्ग आहे. अख्खं केलं तर किंमत, अर्ध्यात सोडलं तर शून्य. पहिल्या खेपेला माझा नंबर बी.एस्सी.ला लागला नव्हता, दुसऱ्या वर्षी सीईटी देऊन लागला, एवढंच काय ते घडलं होतं. पण आमच्या अण्णांना 'शून्य' हा शब्द पचला नाही.

अण्णांनी कालनिर्णयचं पान उलटलं आणि मागे छापलेल्या पाककृतीच्या कडेला हिशोब मांडायला घेतला. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं.

"जीएनएम तीन, पोस्ट बेसिक दोन. किती?"

"पाच."

"गेलेलं एक, बी.एस्सी. चार. किती?"

अण्णा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. पाचच. त्यांनी तीन-तीनदा बेरीज केली. वर्ष वाया गेलं म्हणून घरात दोन दिवस नीट जेवण झालं नव्हतं आणि इथे तर वाया काहीच गेलं नव्हतं. पदवी त्याच वर्षी हातात पडणार होती. पण अण्णा कंपनीत आधी कंत्राटी राहून मग परमनंट झालेले. असा माणूस कागदावरच्या बेरजेला सहजासहजी भुलत नाही.

"पहिल्या रस्त्यात तीन वर्षांनी पगार सुरू होतो," ते म्हणाले. "पुढचं शिकायचं की कमवायचं, ते तेव्हा आपल्या हातात. तुझ्या रस्त्यात पाचही वर्षं मीच पगार."

याला उत्तर नव्हतं. अजून नाही. आईने तेवढ्यात पान पुन्हा उलटलं, कारण तिला चतुर्थी बघायची होती.

मग कागदपत्रांचा अध्याय. आमचा तालुका शिरूर, म्हणजे तहसील शिरूरला आणि वाटेत रांजणगाव. कुठल्याही दाखल्यासाठी निघालं की अण्णा महागणपतीला थांबणार म्हणजे थांबणारच. अष्टविनायकांतल्या एकाच गणपतीला एका कुटुंबाने एका हंगामात इतक्यांदा गाठल्याचं दुसरं उदाहरण नसावं. पुजाऱ्यांना वाटलं आमचा नवस आहे. नॉन-क्रिमीलेअर हाही एक नवसच असतो, फक्त तो फेडावा लागतो आधी आणि पावतो नंतर.

जुन्या कॉलेजातून मूळ कागद सोडवायचे म्हणजे आधी 'नो ड्यूज'वर सह्या. लायब्ररी झाली, हॉस्टेल झालं, मेस झाली. लॅबच्या बाईंनी रजिस्टर उघडलं आणि म्हणाल्या, "एक थर्मामीटर तुझ्या नावावर फुटलेला आहे." तो फुटला तेव्हा आम्ही दहाजणी टेबलाभोवती होतो, पण नावावर तो माझ्या फुटला होता. मी पैसे भरले. एवढ्या वर्षाची संपूर्णपणे माझ्या नावावर झालेली मालमत्ता म्हणजे तो फुटलेला थर्मामीटर, आणि तोही त्यांनी मला दिला नाही.

खरी गंमत गॅप सर्टिफिकेटची. बारावी झाल्यावर मधलं वर्ष कुठे होता, याचा खुलासा लागतो. तहसीलबाहेर टाइपिंगवाले बसतात, त्यांतल्या एकाने अण्णांना बाजूला घेऊन सल्ला दिला. "जीएनएमचं काढूच नका. भानगड वाढते. प्रतिज्ञापत्र करून टाकू, वर्षभर मुलगी घरीच होती, काही केलं नाही म्हणून." अण्णा ताडकन उठले. "वर्षाची फी भरली, हॉस्टेल भरलं, दोन ड्रेस शिवले, आणि काही केलं नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहू? वर त्या स्टॅम्प पेपरचेही पैसे देऊ?" शेवटी आम्ही जे होतं ते सगळं जोडलं. फाइल जाड झाली, पण अण्णांचा स्वाभिमान शाबूत राहिला.

आता दुसऱ्यांदा पहिल्या वर्षात बसण्याबद्दल. नर्सिंगचं पहिलं वर्ष म्हणजे खाट लावणं. लोकांना वाटतं इंजेक्शन. इंजेक्शन पुढे येतं, आधी खाट. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडायचा, एकही सुरकुती राहता कामा नये, कारण पडून असलेल्या पेशंटला सुरकुतीच्या जागी जखम होऊ शकते. उशीच्या खोळीचं उघडं तोंड दाराकडे नको. पेशंट खाटेवर असताना चादर बदलायची पद्धत निराळी, ऑपरेशनहून येणाऱ्या पेशंटसाठी खाट मांडायची निराळी. हे सगळं मला येत होतं, आणि तिथेच घोटाळा होता. बाकीच्या मुली चादरीचं वरचं टोक कोणतं हे ठरवत असताना माझी खाट तयार. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कुठे शिकलीस?" मी सांगितलं. "मग विसर," त्या म्हणाल्या. कारण तिकडे आधी डोक्याकडची बाजू खोचायचे, इकडे पायाकडची, आणि प्रत्येक कॉलेजची पद्धत हीच एकमेव शास्त्रीय पद्धत असते. पेशंटला मात्र दोन्ही पद्धतींत झोप लागली नाही, कारण शेजारच्या खाटेचा नातेवाईक रात्रभर मोबाइलवर रील बघत होता.

शपथही दुसऱ्यांदा झाली. हातात दिवा, अंगात नवा ड्रेस (जुन्याचा रंग चालत नव्हता, तो आता आत्याच्या मुलीचा रोजचा झालाय), आणि सगळ्यांनी एका सुरात फ्लोरेन्स नाइटिंगेलची शपथ म्हणायची. ही शपथ खुद्द नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही, हे मला दोन शपथांच्या मधल्या वर्षात कळलं. १८९३मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर नावाच्या बाई आणि त्यांच्या समितीने ती बेतली आणि नाइटिंगेलबाईंचं नाव दिलं. पहिली शपथ रद्द होते की दोन्ही लागू राहतात, हे मी मॅडमना विचारलं. मॅडमनी दिवा सरळ धरायला सांगितलं. दोन्ही समारंभांना पाहुणे वेगळे होते, पण भाषण एकच: क्रिमियाचं युद्ध, मग थेट पुणे. १९०९मध्ये इथे सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानड्यांनी मुलींना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये धाडलं आणि लोकांनी नावं ठेवली. दोन्ही वेळा मी माझ्या आजीकडे बघितलं. पहिल्या वेळी ती जरा खाली मान घालून बसली होती, कारण "चांगल्या घरच्या पोरी हे करत न्हाईत" हे तिचंच वाक्य. दुसऱ्या वेळी मात्र ती शेजारणीला सांगत होती, "आता हितं रानड्यांच्या बाई येत्याल बघ."

मला जीएनएममधली एकच गोष्ट मनापासून आठवते, ती म्हणजे कम्युनिटी. तिथे पहिल्याच वर्षी गावात हिंडवतात, बी.एस्सी.ला त्यासाठी पाचव्या सेमिस्टरची वाट बघायची. सर्वेक्षणाचा सराव सुट्टीत आपापल्या गावात करून आणा, असं सांगितलं होतं. मी फॉर्म घेऊन काकीच्या दारात.

"पिण्याचं पाणी उकळता का?"

"उकळून, गाळून," काकी म्हणाली आणि माठात तांब्या बुडवून मला नळाचं पाणी दिलं.

"काकी, मी काल हितंच जेवले."

"तू लिही की गं. सरकारला कशाला आपलं घरचं?"

मी लिहिलं: उकळून, गाळून. आरोग्याची आकडेवारी कशी तयार होते, हे मला तिथे जितकं समजलं तितकं पुढे कोणत्याही पुस्तकात समजणार नाही.

आमच्या भाड्याच्या खोल्यांमधले कामगार मात्र पहिल्यापासून मला सिस्टर म्हणतात. रात्रपाळीहून आलेला कुणीतरी बोट कापून घेऊन दारात उभा असतो. त्याला ते बोट वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने धुवायला लावायचं, दाबून धरायचं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात हाकलायचं, इतपत माझी प्रॅक्टिस. पुन्हा पहिल्या वर्षाला गेल्याचं कळल्यावर बीडच्या भाडेकरूने फार अदबीने विचारलं, "सिस्टर, डिमोशन झालं का?" बोट मात्र तरीही मलाच दाखवलं.

अण्णांचं म्हणाल, तर त्यांनी तो हिशोब आता स्वतःच्या नावावर करून घेतलाय. पारावर कुणी वर्ष वाया गेल्याचं बोललं की तीन अधिक दोन, एक अधिक चार सुरू. पाच वर्षं पगार कुणाचा, हा भाग ते सांगत नाहीत. मध्यंतरी आयटीआयच्या एका पोराला त्यांनी वर्षभर झाल्यावर फिटर सोडून इलेक्ट्रिशियन घ्यायला लावलं. दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे, त्यामुळे तिथे बेरीज काही जुळेना. पोराचे वडील आमच्या घरी आले, चहा घेतला नाही, आणि कालनिर्णय कुठे टांगलंय ते विचारलं.