पस्तीस पिशव्या

आमच्या आणि काकूंच्या अंगणांमध्ये कुंपण म्हणून आर्बरव्हिटीच्या झाडांची रांग आहे. यंदाच्या हिवाळ्यात हरणांनी ती छातीएवढ्या उंचीपर्यंत सोलून ठेवली, तेव्हापासून आमच्या गप्पांना आयती खिडकी मिळाली. काकू त्यांच्या मागच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसतात, मी इकडे कढीपत्त्याची कुंडी उन्हात काढायच्या निमित्ताने.

"काल कोपऱ्यावरच्यांकडे ट्रक कसला आला होता गं?"

"सिमेंट मिक्सर घेतलाय त्यांनी. पेट्रोलवरचा."

"विकत? आणि काम काय?"

"टपालपेटीचा खांब. बर्फ काढणाऱ्या गाडीनं पाडला ना."

काकूंनी कपाळावर हात मारला. "एका पिशवीचं काम! घमेल्यात कालवून झालं असतं. आता मिक्सर गराजमध्ये आणि गाडी बाहेर बर्फात."

मी हळूच म्हटलं, "काकू, आमच्याकडेही तेच खूळ शिरलंय. डेक करायचाय ना. रात्री बारापर्यंत हा मिक्सरचेच व्हिडिओ बघतो. म्हणे स्वस्तात मिळतोय."

"स्वस्त! अगं, इथे रूट नाइनवर स्पॅग्ज नावाचं दुकान होतं, १९३४ पासूनचं. पिशव्या देत नसत, रिकामी खोकी उचलायची आणि भरून आणायचं. स्वस्त म्हणून काकांनी तिथून तीन करवती आणल्या. अंगणात झाडं दोन! २००४ मध्ये ते विकलं गेलं तेव्हा हळहळले सगळे, मी मात्र सुटले. आता त्या जागी होल फूड्स आहे. खिळे घ्यायचो तिथे अवाकाडो घेतो." काकूंनी चहाचा घोट घेतला. "बरं, खांब किती?"

"सहा. बारा इंची पुठ्ठ्याच्या नळ्या, चार फूट खोल."

"चार फूट हवंच. इथली जमीन गोठते, खांब कमी खोल असला तर वर उचलला जातो. खोदण्याआधी ८११ ला फोन केलात ना? गॅसची पिवळी आणि विजेची लाल रेघ मारून जातात ते. आणि टाउनचा इन्स्पेक्टर खड्डे बघून गेल्याशिवाय माल ओतायचा नाही. आता हिशेब कर. ८० पौंडी पिशवीत किती माल होतो?"

"०.६ घनफूट, असं पिशवीवरच लिहिलंय. एका खांबाला साधारण सव्वातीन घनफूट धरले, तर..."

"सव्वापाच ते साडेपाच पिशव्या. सहा खांबांना बत्तीस-तेहतीस झाल्या. फावड्यानं कालवायला गेला तर तुझा नवरा दुसऱ्या खांबालाच आडवा होईल. मिक्सर हवाच, पण विकत कशाला? आमचे बाबा कराडला कंत्राटदार होते. जन्मभर स्लॅब टाकले, पण मिक्सर भाड्याचाच. म्हणायचे, मिक्सर फिरत असला तर कमावतो, उभा राहिला तर गंजतो."

"आणि घ्यायचाच झाला तर?"

"मग विजेवरचा, साडेतीन घनफुटी. त्यावर साडेतीन लिहिलं असलं तरी एका वेळी दोनच पिशव्या टाकायच्या, नाहीतर माल अंगावर येतो. जुना मिळत असेल तर ड्रमभोवतीची दातेरी कडी बघ. बिडाची असली तर टिकते, पण एक दात तुटलेला दिसला की परत फिरायचं. ड्रममध्ये हात घालून बघ, आधीच्या धन्यानं माल वाळू दिला असेल तर हाताला खडे लागतात. आणि एक्स्टेंशन जाडच घ्यायची. बारीक वायरवर मोटर धापा टाकते, मग जळते."

"पाणी?"

"पिशवीला पाऊण गॅलन. थोडं आधी ड्रममध्ये, मग माल, उरलेलं बेताबेतानं. ओतायला सोपं जातं म्हणून पुरुष पाणी वाढवतात आणि खांब पिठूळ होतो. काम संपलं की खडी आणि पाणी टाकून दहा मिनिटं फिरवायचं. ड्रम आपणच आपल्याला घासतो. हे केल्याशिवाय कुणाला जेवायला वाढू नकोस."

मला पटलं. "मग शनिवारी सकाळी भाड्यानं आणायला सांगते."

"दिवसभराचं भाडं ना?"

"हो."

"बत्तीस पिशव्या म्हणजे सोळा फेऱ्या. दुपारी चारला मोकळे व्हाल." काकू क्षणभर थांबल्या. "पस्तीस आण."

"जास्तीच्या तीन कशाला?"

काकू बसल्या जागेवरून जराशा सरकल्या. त्यांच्या मांडीखालच्या पायरीचा हातभर टवका निघाला होता, आतली खडी उघडी पडली होती. "मिठानं खाल्ली गं. तीन हिवाळे काकांना सांगतेय. वरून लिंपून टिकत नाही, फोडून नवी ओतावी लागते. ते म्हणतात, एका पायरीसाठी मिक्सर कोण आणणार?"

म्हणजे एवढं सगळं शास्त्र त्या टवक्यावर बसून चाललं होतं! मी हसायला लागले तशा काकू कप उचलून उठल्या आणि तुटकी पायरी ओलांडून दाराशी गेल्या.

"पिशव्यांचे पैसे काका देतील," आतून आवाज आला, "आणि नारळ माझ्याकडून."