हॉलमधलं बारमाही लग्न

माझी अभिरुची उच्च आहे, याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नाही. सिल्वासात फ्लॅट घेणाऱ्या आम्हा सगळ्याच सुशिक्षितांची ती उच्च असते, आणि इतकी एकसारखी असते की एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये गेलं तरी फक्त सोफ्याचा रंग बदलतो. वर पीओपी, समोर टीव्ही आणि एका भिंतीवर गेरूच्या रंगाचा वारली वॉलपेपर. जवळ जाऊन पाहावं, तर नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यात जिथे तारपा हे वाद्य फुंकणारा उभा असायचा तिथे सहा बटनांचा बोर्ड असतो आणि मंडळी पंख्याच्या रेग्युलेटरभोवती फेर धरून असतात.

घराला स्वभाव येतो तो सजावटीला काही काम असलं की, असं माझं म्हणणं आहे. पुरावा त्याच भिंतीवर आहे. वारल्यांच्या घरातला चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चित्र, शोभेचा नव्हेच. लग्न निघालं की कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, गेरू द्यायचा, मग सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, मध्ये पालघट देवी. लग्नानंतर धुराने तो पुसट होत जातो. हळहळायचं कारण नाही, पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जातेच. आमच्याकडे हाच चौक ओल्या फडक्याने पुसता येतो आणि उडत नाही. म्हणजे हॉलमध्ये बारा महिने लग्न, आणि जेवायला मात्र कुणालाच बोलावणं नाही.

आता गच्चीतल्या हिरवळीबद्दल बोललंच पाहिजे. पावसाळ्यात इथे दमणगंगा फुगते, भिंतीच्या भेगेतून पिंपळ डोकावतो, कौलांवर गवत येतं. आणि अशा गावात आपण मीटरवर मोजून प्लास्टिकचं गवत विकत आणतो. देखभाल नको, हा त्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा. पण खाली पाणी साचतं, त्यात डास होतात, वर शेवाळ धरतं आणि मग त्या खोट्या हिरव्यावरचा खरा हिरवा रंग ब्रशने घासावा लागतो. मे महिन्यात त्यावर अनवाणी उभं राहणं हा तर नवसाचाच प्रकार. बाकी सिल्वासाच्या कारखान्यांत प्लास्टिक आणि कृत्रिम धागा भरपूर निघतो, त्या हिशेबाने ते इथलं अस्सल स्थानिक वाणही म्हणता येईल! त्यापेक्षा ड्रममध्ये दुधीचा वेल लावावा. सावली मिळते, कोवळ्या दुधीची भाजी होते, आणि जून झालेला भोपळा वाळवून त्याचा तारपा करतात. भाजी देऊन वर वाजणारं दुसरं झाड माझ्या माहितीत नाही.

यावर कुणी म्हणेल, वारली कुटुंबांनाच आता स्लॅबचं घर हवंय, तुम्ही कसले कुडाचे गोडवे गाता? आक्षेप रास्त आहे. कूड पुन्हा पुन्हा लिंपणारे हात बहुतेक बाईचेच असतात, आणि त्या श्रमांचं कौतुक सोफ्यावर बसून करणं शोभत नाही. पण मी माती उचला म्हणत नाही, रीत उचला म्हणतो. दुसरा आक्षेप असा की चित्रं भिंतीवरून उतरली म्हणूनच कलाकारांना पैसा मिळाला. तेही खरं. १९७०च्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले, ती परदेशात गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कुणाच्या तरी चित्रावरून उचललेल्या छापील रोलचे पैसे चित्र काढणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. सोफ्याचा भाव मुकाट मोजणारे आपण हाताने काढलेल्या चित्रापुढे मात्र ‘काड्याच तर आहेत’ म्हणून घासाघीस करतो. राग येतो तो याचा.

तेव्हा भिंत कोरी ठेवावी. घरात लग्न निघालं, बारसं ठरलं, गेला बाजार मुलगा बारावी सुटला, की चित्रकाराला बोलवावं, तो मागेल तो भाव द्यावा आणि निमित्त जुनं झालं की खुशाल रंग मारावा. मोठेपणाला यात जराही खोट येत नाही. छापील तारपा शेजाऱ्याच्या हॉलमध्येही असतो. आपली भिंत मात्र त्याला दुकानात मिळणार नाही. माझ्यासारख्या रसिकांना बाकी सगळं सोडून हाच मुद्दा आधी पटेल.