दोन जेल आणि एक जाऊ

आमच्या घरात कॉम्बिफ्लॅमला औषध म्हणत नाहीत. औषध म्हणजे सासऱ्यांची बीपीची गोळी, नवऱ्याची थायरॉइडची. ती वारांचे कप्पे असलेल्या डबीत, मोजून ठेवलेली. कॉम्बिफ्लॅम, क्रोसिन, सॅरिडॉन ही मंडळी पर्सच्या तळाशी, गाडीच्या कप्प्यात आणि देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये काड्यापेटीशेजारी राहतात. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी “आणखी कोणती औषधं चालू आहेत?” असं विचारलं, तेव्हा “एकही नाही” हे उत्तर मी अगदी स्वच्छ मनाने दिलं. वर मानही जरा ताठ केली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एकही औषध नाही हे ऐकून समोरच्याने “वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!” एवढं तरी म्हणावं, अशी माझी माफक अपेक्षा असते.

बाई म्हणाल्या, “डोकं दुखलं तर काय घेता?”

“तेव्हा घेते ना.”

“आणि गुडघ्याला?”

“तेव्हाही.”

“आठवड्यातून किती वेळा दुखतं?”

इथे मला पर्समध्ये मोबाइल शोधण्याची फार निकड वाटू लागली.

मी गेले होते वाफांसाठी. रात्री अंगातून अशा वाफा निघत की ऐन जानेवारीत पंखा पाचवर ठेवून मी नवऱ्याला गोधडीत कुडकुडत ठेवत असे. बाईंनी हार्मोन्स सुचवली होती आणि मला वाटलं होतं, चिठ्ठी घेऊन पाच मिनिटांत बाहेर पडू. पण बाईंनी माझी पर्स अक्षरशः टेबलावर रिकामी करायला लावली आणि प्रत्येक पाकीट उलटं करून वाचलं. कॉम्बिफ्लॅममध्ये ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं आणि वर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही. म्हणजे कॉम्बिफ्लॅमने भागलं नाही की मी जी क्रोसिन घेत असे, तिच्यातलं औषध पोटात आधीच जाऊन बसलेलं असे.

मग त्यांनी मला समजावलं. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवून ठेवतं. कातडीतून गेलेलं हा फेरा टाळतं. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक ही भावंडं अंगात मीठ-पाणी अडवतात, रक्तदाब चढवतात आणि गुठळ्यांच्या बाबतीतही धुतल्या तांदळासारखी नाहीत. २०२३ साली डेन्मार्कमध्ये वीस लाख स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गर्भनिरोधक गोळ्यांबरोबर ही वेदनाशामकं घेणाऱ्यांत पायात, फुप्फुसात गुठळी होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. धोका एकूणात लहानच, पण त्या गोळ्यांतली काही हार्मोन्स मुळातच जास्त गुठळीकर, त्यांच्याबरोबर तो अधिक. “हा अभ्यास तुमच्या औषधाचा नाही,” बाई म्हणाल्या, “पण मी विचारते ते उगाच नाही. तुम्हाला जेल देते.”

बाईंनी पुढे सांगितलं, एचआरटीच्या, म्हणजे हार्मोन्सच्या उपचाराच्या, काही गोळ्यांत ड्रोस्पायरेनोन नावाचं हार्मोन असतं. ते अंगातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. वेदनाशामकं मूत्रपिंडाला तीच सवय लावतात. म्हणून या दोन्ही गोष्टी रोज घेणाऱ्या बाईचं पोटॅशियम तपासावं लागतं. मला ती गोळी मिळणार नव्हती, तरी मी उत्साहाने सांगून टाकलं की मी कांतीसाठी रोज सकाळी शहाळं पिते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. अशा रीतीने माझी सौंदर्यसाधनाही केसपेपरवर चढली.

जेल मिळालं, रात्रीच्या प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल मिळाल्या. आता प्रश्न होता जेल ठेवायचं कुठे. आमच्याकडे माणसांचा राबता. त्यात माझी थोरली जाऊ. तिच्यापेक्षा मी तरुण दिसते ही गेल्या कित्येक वर्षांची माझी एकमेव सातत्यपूर्ण कमाई, आणि ती एका ट्यूबमुळे गमवायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी ती ट्यूब गुडघ्याला लावायच्या डायक्लोफिनॅक जेलच्या रिकाम्या खोक्यात घातली. गुडघेदुखी चालते. सगळ्यांचेच गुडघे दुखतात, शिवाय त्यात कष्टाळूपणाही दिसतो.

जाऊबाई आल्या, जिना चढून धापा टाकत बसल्या आणि त्यांची नजर खोक्यावर पडली. “दे गं ते इकडे. खांद्याला चोळते जरा.”

ते जेल दुसऱ्याच्या कातडीला लागू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. खरं सांगायचं धाडस नव्हतं. मग मी माझं हमखास व्याख्यान सुरू केलं. गिधाडांचं.

हे व्याख्यान मी कंबर दुखणाऱ्या कोणालाही देते, न मागता. १९९०च्या दशकात आपल्याकडची गिधाडं पटापट मरायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्याण्णवहून जास्त गेली. आधी सगळे म्हणत, काहीतरी विषाणू असेल. २००४ साली पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून उलगडा झाला: गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचत, ते जनावर मेलं की गिधाडं त्यावर बसत, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. भारताने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केलं. तर माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या. शेवटी २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरवर आणावी लागली. मलबार हिलवर पारशांच्या डोंगरवाडीत मृतदेहांची व्यवस्था करायला पक्षीच उरले नाहीत, तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवले. आपल्या रायगडात, म्हसळ्याजवळच्या चिरगावात लोकांनी गिधाडं जपली. आणि मेलॉक्सिकॅम नावाचं दुसरं औषध गिधाडांना चालतं! इथे मी नेहमी थांबते, कारण इथे लोक “अरे वा” म्हणतात. विचार करा ताई, त्या बिचाऱ्यांनी औषध घेतलंच नव्हतं. ज्याने घेतलं, त्याला फक्त खाल्लं होतं.

जाऊबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मी कुठे गुरं खाते?” म्हणाल्या. “आण ती ट्यूब.”

“एक्सपायर झालीय,” मी म्हटलं. आयत्या वेळी एवढंच सुचलं. त्यांनी सुस्कारा सोडून पर्समधली गोळी काढली आणि डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. तो हात आपणहून वर जात नव्हता. किती दिवस हे? “झालं असेल दीडेक वर्ष. फ्रोजन शोल्डर म्हणतात. या वयात व्हायचंच.”

हे वाक्य मी आधीही ऐकलं आहे. आईचा उजवा हात असाच वर जाईनासा झाला होता. वेणी घालता येईना म्हणून तिने केस कापून टाकले, तर नातेवाइकांत ‘आत्ता फॅशन सुचतेय’ अशी चर्चा झाली. तेव्हा ती माझ्या आजच्या वयापेक्षा लहान होती. तिला वेदनाशामकं दिली, ती पोटात जळजळायला लागली म्हणून ॲसिडिटीची गोळी दिली, रक्तदाब वाढला म्हणून आणखी एक. हाडांच्या डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं नाही आणि बायकांच्या डॉक्टरांनी खांद्याबद्दल. इस्ट्रोजेन उतरू लागलं की सांधे ठणकतात, हे आता डॉक्टर उघडपणे बोलतात. तेव्हा आईला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने हार्मोन्स घेतली असती की नाही, देव जाणे, पण नको म्हणण्याचा मान तरी तिला मिळाला असता. याचा मला राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही.

बाईंच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्या औषधांची एक यादी करायची होती: हार्मोन्स, वेदनाशामकं, बाम, अगदी शहाळ्यासकट. मी ती आतल्या कपाटात चिकटवणार होते. नवऱ्याने ती फ्रिजवर लावली, तीही ठळक अक्षरांत, कारण त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही.

पुढच्या खेपेला जाऊबाई पाणी घ्यायला गेल्या त्या बराच वेळ फ्रिजपाशीच. मी गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं, पण मान वळवली नाही.

“अगं,” त्या हळूच म्हणाल्या, “ते इस्ट्रोजेनचं जेल लावायचं कुठे असतं?”

“खांद्याला,” मी म्हटलं, आणि त्यांचा चेहरा उजळलेला बघून घाईघाईने पुढे सांगितलं, “पण दुखण्यासाठी नाही हो! दंडाला, मांडीलाही चालतं. आणि आधी माझ्या बाईंकडे चला. पर्स घेऊन या, अख्खी.”

“येईन की. पण तिथे आपल्या दोघींची वयं विचारतील.”

“विचारू देत.”

“मग आधी तू सांग,” जाऊबाई म्हणाल्या.